रेषेवर देव, रेषेखाली प्रतिज्ञा

सिनेमातल्या कोर्टात साक्षीदार पिंजऱ्यात आला की लाल कापडात बांधलेली गीता पुढे होते, तिच्यावर हात जातो आणि पुढचे वाक्य प्रेक्षकालाच पाठ असते. खऱ्या कोर्टात असे कुठले पुस्तक पुढे येत नाही. कारकून रोजच्या सवयीने एक वाक्य म्हणतो, साक्षीदार ते पुटपुटतो आणि उलटतपासणीच्या धास्तीने घसा खाकरतो. देवाचे नाव घ्यायचे असेल त्याने ईश्वराला साक्ष ठेवून शपथ घ्यावी, नसेल घ्यायचे त्याने गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी. 1969 च्या शपथ कायद्यात दोन्ही नमुने आहेत. राज्यघटनेत राष्ट्रपतींपासून आमदारापर्यंत सगळ्यांच्या शपथेतही तीच सोय आहे. छापील मजकुरात मधे एक आडवी रेघ, रेषेच्या वर देव, रेषेच्या खाली प्रतिज्ञा.

काही माणसे देव मानतात, काही मानत नाहीत, असे का, याची उत्तरे भरपूर आहेत. संस्कार, भीती, दुःख, वाचन, स्वभाव. पण कुठलेच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. एकाच घरात वाढलेल्या दोन भावांतला एक दर आषाढीला पायी पंढरपूर गाठतो आणि दुसरा बुवाबाजीविरुद्ध पथनाट्य करत फिरतो. तत्त्वज्ञांना या प्रश्नावर आयुष्यभर वाद घालता येतो, न्यायाधीशाला येत नाही. त्याला दुपारच्या सुट्टीच्या आत ठरवावे लागते की समोरचा माणूस देव मानत नसेल तर त्याचा शब्द धरायचा की नाही. म्हणून हा मागोवा मी कोर्टाच्या दारातून घेतो आहे. त्यात एक गंमत हाती लागते. रेषेखालची ती जागा नास्तिकांनी लढून मिळवली अशी आपली समजूत असते, पण ती आधी मागितली कट्टर देवभक्तांनी.

सुरुवात आपल्याच मुलखातून करू. याज्ञवल्क्य स्मृतीत पाच दिव्ये, म्हणजे देवाला साक्ष ठेवून खरे-खोटे ठरवायच्या परीक्षा, सांगितली आहेत: तुला, अग्नी, जल, विष आणि कोश. पण दिव्याची पाळी कधी, तर लेख, भोगवटा आणि साक्षीदार हे तिन्ही मानवी पुरावे संपल्यावर. कागद असेल तर देवाला तसदी द्यायची नाही, हा धर्मशास्त्राचा रोख आहे. ज्या मीमांसेच्या नियमांनी हे धर्मशास्त्र लावायचे, त्या मीमांसेतल्या कुमारिलांसारख्या आचार्यांना जग निर्माण करणारा ईश्वर मुळात मान्यच नव्हता. वेद मानायचे, यज्ञ करायचे, पण कर्ता करविता नाकारायचा, अशी धार्मिक माणसे आपल्याकडे होती. जैनांनाही जगाचा कर्ता मान्य नव्हता. तेव्हा ‘देव मानतोस की नाही’ या एका प्रश्नावर माणसांच्या दोन राशी करण्याची पद्धत या मातीतली नव्हे.

मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी-वतनदारांच्या पंचायतीपुढे, येई. पाटीलकी कुणाची, देशमुखीत थोरला हिस्सा कुणाचा, यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालत. कागद फाटके, साक्षी दोन्हीकडून सारख्याच पढवलेल्या. मग रवा-दिव्य ठरे. ते जवळून पाहण्यासारखे आहे. दोन्ही पक्षांकडून आधी निकाल मान्य असल्याचे लिहून घ्यायचे आणि जामीन घ्यायचे. दिव्य करणाऱ्याचे हात साबणाने धुवायचे, नखे काढायची, हातावर आधीचे डाग, चट्टे, तीळ असतील ते कागदावर उतरवून ठेवायचे. कपाळाला भाळपत्र बांधायचे, त्यात त्याचा दावा लिहिलेला. मग देवासमोर कढत्या तेला-तुपाच्या भांड्यात हात घालून धातूचा रवा बाहेर काढायचा. काढला की हाताला पिशवी बांधून वर मोहर. तिसऱ्या दिवशी सभेपुढे पिशवी सोडायची आणि हात पाहायचा. जुन्या यादीबाहेर नवा फोड नसेल तर माणूस खरा. हरणाऱ्याने येजितखत, म्हणजे हरल्याची कबुली, लिहून द्यायचे आणि सरकारात गुन्हेगारी, म्हणजे दंड, भरायची. जिंकणाऱ्यालाही जिंकल्याबद्दल हरकी भरावी लागे, म्हणजे सरकारचे नुकसान कुठल्याच बाजूने नाही.

हे वाचताना माझे लक्ष त्या नखांकडे आणि मोहरेकडे जाते. न्याय देव करणार हे सगळ्यांना मान्य होते, तरी देवाच्या निकालात कुणी हात घालू नये म्हणून पिशवीवर लाख ओतली जात होती. नखात काही लपवले असेल, रात्रीतून कुणी औषध लावील, हा संशय त्या श्रद्धेच्या शेजारीच नांदत होता. श्रद्धावान आणि संशयी अशी दोन वेगळी माणसे आपण कल्पितो. गोतसभेत ती दोन्ही एकाच पागोट्याखाली बसलेली दिसतात.

सगळेच तंटे तेलापर्यंत जात नसत. बेल-भंडार उचलून खंडोबाची आण घेतली जाई, तुळस किंवा गंगाजल हातात घेतले जाई, कृष्णेत उतरून क्रिया केली जाई. शिवेच्या भांडणात तर गावचा महार शपथ घेऊन चालेल ती शीव खरी धरीत. ज्याची सावली चालत नव्हती त्याचा शब्द मात्र चाले, याबद्दल त्या काळात कुणाला अवघडल्यासारखे झाल्याचे दिसत नाही.

आता इंग्रजांकडे. त्यांच्या कोर्टात शपथ म्हणजे बायबलवरची. एडवर्ड कोक या मोठ्या कायदेपंडिताने ख्रिस्ती नसलेल्याची साक्षच अमान्य ठरवली होती. जॉन लॉक हा सहिष्णुतेचा पुरस्कर्ता, पण 1689 च्या आपल्या पत्रात त्यानेही नास्तिकाला सहिष्णुतेच्या दाराबाहेर ठेवले. वचन, करार, शपथ या समाजाला बांधणाऱ्या गोष्टी आहेत आणि देव न मानणाऱ्याला त्यांचा धाक नसतो, हे त्याचे कारण. लॉकच्या म्हणण्यात देव हा जामीनदार आहे. माणूस देव का मानतो, याचे उत्तर त्यात गृहीत आहे: भीतीने.

मग व्यापार आडवा आला. कलकत्त्याचा सावकार अमीरचंद, इंग्रजांचा ‘ओमिचंद’, याने बार्कर नावाच्या इंग्रजाविरुद्ध दावा लावला. त्याचे साक्षीदार हिंदू होते आणि त्यांनी कलकत्त्यात ब्राह्मणाच्या पायाला हात लावून शपथ घेतली होती. ही साक्ष लंडनमध्ये चालावी का, यावर 1744 साली बडे न्यायाधीश बसले आणि त्यांनी ती चालवून घेतली. साक्षीदार कुठल्या का होईना देवाला मानत असला आणि खोट्याची शिक्षा तो देतो असा त्याचा विश्वास असला की पुरे, असे ठरले. हिंदूंच्या साक्षी धरल्या नाहीत तर बंगालचा व्यापार चालणार कसा, हा हिशेब त्यामागे होता हे उघड आहे. दार उघडले, पण नास्तिक उंबऱ्याबाहेरच राहिला. शिक्षा देणारा देव हवाच होता, कुठला हे विचारायचे मात्र बंद झाले.

याच्या आधीच इंग्लंडमध्ये दुसरी एक कटकट सुरू झाली होती. क्वेकर पंथाचे लोक शपथ घ्यायलाच तयार नव्हते. येशूने शपथ वाहू नका असे सांगितले आहे, आमचे ‘हो’ म्हणजे हो आणि ‘नाही’ म्हणजे नाही, असे ते म्हणत. शपथ घेतली की मग शपथेवाचून बोललेले खोटे चालते असा अर्थ होतो, आणि आम्हाला तर नेहमीच खरे बोलायचे आहे. या हट्टापायी त्यांनी तुरुंग भोगला, मालमत्ता गमावली. शेवटी 1696 साली संसदेने त्यांना शपथेऐवजी प्रतिज्ञेची मुभा दिली. रेषेखालच्या प्रतिज्ञेचा उगम इथे आहे. ती मिळवणारे लोक देवाला इतके मानत होते की कोर्टकचेरीत त्याची शपथ वाहणे त्यांना गैर वाटे.

हिंदुस्थानात तेच नाटक वेगळ्या पात्रांनी केले. कंपनीच्या कोर्टांनी हिंदूंच्या हातात गंगाजल आणि मुसलमानांच्या हातात कुराण द्यायला सुरुवात केली. साहेबाला वाटले, नेटिवाच्या श्रद्धेचा मान राखला. झाले उलटेच. गंगाजल हातात घेऊन बोललेल्या एका शब्दाची चूक सात पिढ्यांना भोवेल, असे खरोखर मानणारा अब्रूदार गृहस्थ कोर्टाकडे फिरकेना. खरी असली तरी देवाची शपथ खाऊ नये, ही शिकवण आपल्या घरांतून अजून ऐकू येते. गंगाजल बिनदिक्कत उचलायला मग उरला कोण, तर ज्याला त्याचे काही वाटत नव्हते तो. श्रद्धेची परीक्षा घेणाऱ्या कोर्टात श्रद्धाळू माणसे येईनाशी झाली.

1840 च्या पाचव्या कायद्याने हे बंद केले. अशा शपथा लोकांच्या मनाविरुद्ध आहेत आणि त्यांनी न्यायात अडथळा येतो, असे कारण कायद्यातच नमूद आहे. हिंदू-मुसलमानांनी यापुढे सर्वशक्तिमान देवाच्या समक्ष फक्त प्रतिज्ञा करायची. तेव्हा सिनेमातल्या त्या गीतेचा निकाल जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी लागला आहे, पण दिग्दर्शकांना ती सोडवत नाही. त्यांनाही दोष देता येत नाही, नुसत्या प्रतिज्ञेत नाट्य कुठले!

आता एकदाचा खरा नास्तिक रंगमंचावर येतो. चार्ल्स ब्रॅडलॉ. 1880 साली नॉर्थॅम्प्टनमधून तो ब्रिटिश संसदेवर निवडून आला आणि शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या म्हणाला. सभागृहाने नाही म्हटले. बरे, मग मी शपथ घेतो, म्हणाला. तेही नाही, कारण तुझा तिच्यावर विश्वास नाही! एक रात्र त्याला बिग बेनच्या मनोऱ्यातल्या कोठडीत ठेवले. 1881 मध्ये पोलिसांकरवी सभागृहाबाहेर ओढून काढले. 1882 मध्ये त्याने खिशातून बायबल काढून स्वतःच स्वतःला शपथ दिली. मतदार त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. अखेर 1886 मध्ये नव्या सभापतीने कुणाला मधे बोलू दिले नाही आणि ब्रॅडलॉने शपथ घेऊन जागा घेतली. दोन वर्षांनी त्याच्याच खटपटीने कायदा झाला आणि क्वेकरांची प्रतिज्ञा नास्तिकालाही खुली झाली. त्याला ज्या दाराने आत घेतले ते दोन शतकांपूर्वी भाविकांनी पाडलेले होते.

हाच ब्रॅडलॉ डिसेंबर 1889 मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला. अधिवेशन पाचवे, वर्ष 1889 आणि योगायोगाने प्रतिनिधीही 1,889. प्रतिनिधींत पंडिता रमाबाई होत्या, म्हणजे हिंदू धर्म सोडून ख्रिस्ताकडे गेलेली स्त्री आणि ख्रिस्ताला सोडून कुणाकडेच न गेलेला पुरुष एकाच मांडवात होते. पुण्यात बुद्धिवादी आगरकरांचे ‘सुधारक’ साप्ताहिक निघून वर्ष झाले होते आणि त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढणारे लोक शहरात होते. आणि त्याच 1889 साली ब्रॅडलॉची अनेक वर्षांची सहकारी, त्याच्याबरोबर आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिलेली ॲनी बेझंट, निरीश्वरवाद सोडून थिऑसफीकडे वळली. कारण काय म्हणाल? तिने पुस्तके वाचली. ब्रॅडलॉनेही वाचलीच होती.

ब्रॅडलॉ 1891 च्या जानेवारीत वारला. लंडनमधले हिंदी विद्यार्थी त्याच्या अंत्ययात्रेला गेले, त्यांत गांधीही होते. परतताना स्टेशनवर एक कडवा नास्तिक एका पाद्र्याला देवाचा आकार विचारून छळत होता, तो प्रसंग गांधींनी आत्मकथेत लिहिला आहे. त्या बोलण्याने आपला नास्तिकतेबद्दलचा प्रतिकूल ग्रह वाढलाच, असे ते म्हणतात. पण 1931 च्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये, ‘देव सत्य आहे’ ऐवजी ‘सत्य हाच देव’ असे मी का म्हणू लागलो हे सांगताना त्यांना ब्रॅडलॉच आठवला. अशा माणसाला मी नास्तिक म्हणणार नाही, देवभीरूच म्हणेन, असा त्यांचा सूर होता. प्रशंसा मोठीच, पण ब्रॅडलॉ ऐकायला असता तर त्याने हे मान्य केले नसते. समोरचा भला आहे हे पटले की त्याला आपल्या बाजूचा ठरवून टाकायचे, ही खोड भल्याभल्यांना असते. नास्तिकांनाही असते, संतांना आपल्या रांगेत ओढताना.

इकडे 1873 साली हिंदुस्थानात नवा शपथ कायदा आला. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. त्याच्या सभासदांच्या शपथेत सगळी माणसे एका ईश्वराची लेकरे होती आणि भक्तीला दलालाची गरज नव्हती. सरकारी कायद्यात मात्र एक जुने भूत शिल्लक होते. दिवाणी दाव्यात एक पक्ष म्हणू शकत असे की विरोधकाने अमुक देवळात, अमुक पद्धतीने शपथ घेतली तर मला त्याचे म्हणणे मान्य. दुसऱ्याने ती घेतली की तो निर्णायक पुरावा. नव्या पोशाखातली गोतसभाच, फक्त तेल नव्हते. हे कलम 1969 च्या कायद्याने गेले.

घटना समितीत हा विषय दोनदा गाजला. मसुद्यातल्या राष्ट्रपतींच्या शपथेत देव नव्हता. 27 डिसेंबर 1948 ला मध्य प्रांत-वऱ्हाडातून आलेल्या हरि विष्णू कामथांनी तो घालायची सूचना आणली आणि महावीर त्यागींनी ती सुधारून पर्यायाच्या रूपात मांडली. आंबेडकरांनी पर्याय स्वीकारला. त्यांचा युक्तिवाद असा होता: ज्या कर्तव्यांमागे कायद्याची सक्ती नाही, ती पाळायला काहींना ईश्वराचा धाक किंवा आधार लागतो, काहींना स्वतःची सदसद्विवेकबुद्धी पुरते. कोण बरोबर यात ते शिरले नाहीत. लॉकला जो माणूस समाजात नको होता, त्याला आंबेडकरांनी चार वाक्यांत राष्ट्रपतिपदाच्या शपथेत जागा दिली. हेच आंबेडकर 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखोंना बावीस प्रतिज्ञा देणार होते आणि त्यांत ब्रह्मा-विष्णू-महेश न मानण्याचीही प्रतिज्ञा होती. तिथे त्यांनी बाजू घेतली, घटनेत घेतली नाही. मला यात विसंगती दिसत नाही.

दुसरा प्रसंग 17 ऑक्टोबर 1949 चा. कामथ पुन्हा उभे राहिले. उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी, असे त्यांचे म्हणणे. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, कामाख्येच्या मुलखातल्यांनी काय करावे, देवीचे नाव का नाही? हृदयनाथ कुंझरूंनी, श्रद्धेची गोष्ट सगळ्यांवर लादणे घटनेच्या आत्म्याविरुद्ध आहे, असे बजावले. पूर्णिमा बॅनर्जींनी कामथांना विनवले की देवावर मतदान करायची पाळी आमच्यावर आणू नका. कामथ मागे हटले नाहीत. मते मोजली गेली. देवाच्या बाजूने 41, विरुद्ध 68. आपल्या इतिहासातला हा काळा दिवस, असे कामथ म्हणाले. त्या 68 जणांत नास्तिक फार नसणार. रोज संध्या करणाऱ्या, नमाज पढणाऱ्या सभासदांनी देवाला मतपेटीपासून वाचवले, असेच मी समजतो. पुन्हा तेच, क्वेकरांचे आणि गंगाजल टाळणाऱ्या गृहस्थांचे.

रेघ आखली गेली, पण तिच्या दोन्ही बाजूंत सगळे मावत नाहीत. केरळमध्ये 2001 साली एका आमदाराने श्रीनारायण गुरूंच्या नावे शपथ घेतली. ईश्वराच्या जागी गुरू चालणार नाही, असे सांगून केरळ उच्च न्यायालयाने 2003 मध्ये ती अवैध ठरवली. गुरू हाच देव असे मानणाऱ्याने काय करावे? निकालाप्रमाणे त्याने ‘ईश्वर’ म्हणावे आणि मनात गुरू आणावा. महाराष्ट्रात 2019 च्या नोव्हेंबरात शिवाजी पार्कवर मंत्र्यांनी शिवछत्रपतींपासून आईवडिलांपर्यंत अनेकांचे स्मरण करून शपथा घेतल्या. महिन्याभराने पुढच्या शपथविधीत एका मंत्र्याने पदरची वाक्ये घातली तेव्हा राज्यपाल कोश्यारींनी त्यांना पुन्हा शपथ घ्यायला लावली.

मुंबई उच्च न्यायालयात सप्टेंबर 2014 मध्ये लागलेला एक निकाल मला या साऱ्यात सर्वांत बोलका वाटतो. राजपत्रात धर्म बदलल्याची नोंद करताना ‘कोणताही धर्म नाही’ असे लिहून द्यायला सरकारी छापखान्याने नकार दिला होता. न्यायालयाने सांगितले की कुठलाच धर्म नसणे हाही माणसाचा घटनादत्त हक्क आहे आणि धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकार कुणावर करू शकत नाही. अर्जदार नास्तिक असतील असे वाटेल. ते येशू ख्रिस्तावर श्रद्धा असलेले लोक होते. येशू हवा होता, ख्रिस्ती धर्म नको होता. निधर्मी म्हणून जगू इच्छिणाऱ्या मराठी माणसाला आज या निकालाचा आधार आहे, आणि तो त्याला भाविकांनी मिळवून दिला आहे.

दरम्यान जुन्या शपथा कुठे गेल्या? त्या कोर्टातून उठून देवळात परत गेल्या. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पाकीट दिले की मतदाराला भंडारा उचलायला लावतात. पैसे घ्यायचे ते माणसाकडून, इमान राखायचे देवाशी. पोरे गळ्याची कातडी चिमटीत धरून ‘देवाशप्पथ’ म्हणतात आणि ‘सुटली म्हण’ ऐकल्याशिवाय जिवाला स्वस्थता नसते. आणि तहसील कचेरीबाहेर, झाडाखालच्या टेबलावर, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभा असलेला माळकरी प्रतिज्ञापत्रावर ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ या मजकुराखाली अंगठा उमटवतो. त्या प्रतिज्ञेत देवाचे नाव नसते. ते नाही हे त्याच्या लक्षातही येत नाही, नोटरीच्या तर नाहीच.

1969 च्या कायद्याचे सातवे कलम सांगते की शपथ द्यायची राहून गेली, किंवा तिच्या शब्दांत चूक झाली, म्हणून साक्ष बाद होत नाही आणि खरे बोलण्याचे बंधनही सुटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या 229 व्या कलमाखाली न्यायालयात जाणूनबुजून खोटी साक्ष देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. साक्ष ईश्वराला स्मरून दिली होती की नुसत्या प्रतिज्ञेवर, याची त्या कलमात चौकशी नाही.